चार चाकांची मोटारसायकल : घ्यायचीच तर कोणती?

ऊसवाल्यांच्या अंकात मौजेच्या वाहनावर लिहिले म्हणजे काही सभासद नाक मुरडणार, हे मला ठाऊक आहे. तरी लिहितो. ही गाडी आता पाचगणीच्या माळावर नि अलिबागकडच्या वाळूत भाड्याने फिरण्यापुरती राहिलेली नाही, आपल्या पाणंदीपर्यंत येऊन पोचली आहे. आपल्यातल्या कित्येकांची पोरे, पुतणे, भाचे मुंबईला भांडुप, नाहूर, मुलुंडकडे नोकरीला आहेत. हातात पैसा आहे, अंगात रग आहे आणि तिकडे चाक फिरवायला जागा नाही. नाहूरच्या एका अंगाला महामार्ग आणि खाडी, दुसऱ्या अंगाला कारखाने नि वस्ती, त्यापलीकडे डोंगर दिसतो तो राष्ट्रीय उद्यानाचा. तिथे गाडी घातली तर वनखाते सोडणार नाही. मग मामाचे शेत आठवते.

माझा भाचा नाहूरलाच असतो. त्याने दोन वापरलेल्या गाड्या बघून ठेवल्या आहेत, दोन्ही सुझुकीच्या. या कंपनीने 2014 साली आपल्या देशात दोन क्वाड गाड्या विकायला काढल्या, ओझार्क 250 आणि क्वाडस्पोर्ट झेड 400. दिल्लीच्या शोरूमला पहिलीची किंमत 5 लाख 45 हजार, दुसरीची 8 लाख 50 हजार. भाचा म्हणतो, "मामा, घ्यायची तर झेडच. ओझार्क ही म्हाताऱ्या माणसांची गाडी." म्हातारा मीच असल्याने मत द्यायचा हक्क मला आपोआप पोचतो.

आधी पैशाचे बघू. 2014-15 च्या हंगामात साडेनऊ टक्के उताऱ्याला एफआरपी टनाला 2200 रुपये होती. त्या भावाने झेड म्हणजे 386 टन ऊस आणि ओझार्क म्हणजे 248 टन, तोही तोडणी-वाहतूक न कापता. एकरी चाळीस टन धरले तर एकीला साडेनऊ एकरांचे अख्खे पीक लागते, दुसरीला सव्वासहा एकरांचे. जुनी गाडी स्वस्तात मिळेल हे खरे. पण जुन्या गाडीचा एखादा भाग गेला तर तो तालुक्याच्या गावी मिळत नाही, मागवावा लागतो, आणि तोवर गाडी शेडमध्ये कोंबड्यांना बसायला उपयोगी पडते. उसाच्या बिलातून उचल घेऊन हे घेणार असाल तर पुढचे वाचूच नका. पोराने स्वतःच्या पगारातून घेतली तर बोलायला जागा आहे.

आता गाडीचे. झेडचे इंजिन 398 सीसीचे, पाण्याने थंड होणारे, फ्युएल इंजेक्शनचे. क्लच हाताने दाबायचा, मागच्या चाकांना ताकद साखळीने जाते. बसायची जागा बुटकी, झटके खाणारे शॉकअप लांब. उड्या मारायला, धूळ उडवायला बनवलेले जनावर आहे ते. ओझार्क 246 सीसीची, हवेवर थंड होणारी. गिअर पायाने पाडायचे पण क्लच दाबायची गरज नाही, आणि मागे साखळी नाही, शाफ्ट आहे. दोन्हींना रिव्हर्स गिअर आहे. वजन दोन्हींचे दोनशे किलोच्या आसपास, म्हणजे अंगावर पडली तर एकट्या माणसाने उचलून बाजूला सारण्यासारखी एकही नाही.

साखळी की शाफ्ट, याच एका गोष्टीवर माझे मत ठरते. आपली जमीन काळी. पावसाळ्यात पाणंदीतला चिखल बैलगाडीची चाके गिळतो, आणि हंगामात वाटभर पाचट पडलेले असते. झेडची मागची साखळी आणि दातेरी चक्र जमिनीच्या जवळ फिरते. त्यात चिखल आणि पाचट गुंडाळले की साखळी ताणते नाहीतर उतरते. रोज धुवा, तेल द्या, ताण बघा. इथे ट्रॅक्टरला ग्रीस मारायला माणूस मिळत नाही, मौजेच्या गाडीची साखळी कोण धूत बसणार? शाफ्ट बंदिस्त असतो, त्याला वेळच्या वेळी तेल बदलले की काम झाले. झेडच्या रेडिएटरची जाळीही चिखलाने बुजते. माळरान, मुरूम, कोरडी टेकडी असेल तर झेडची मजा काही और, हे मी नाकारत नाही. पण आपल्या पाणंदीत ताशी पंधरा-वीसने जायचे असते, आणि त्या चालीला ओझार्क शहाणी.

मात्र एक दोष दोन्हींत सारखा आहे, आणि तो विकणारा सांगत नाही. मागचा आस अखंड आहे. ट्रॅक्टरला, जीपला डिफरन्शियल असते, त्यामुळे वळताना बाहेरचे चाक जास्त फिरते, आतले कमी. इथे दोन्ही मागची चाके एकदमच फिरतात. मऊ मातीत एक चाक घसरते नि गाडी वळते. डांबरावर चाक घसरत नाही, गाडी सरळ जायला बघते, पोरगे हँडल आणखी मुरडते आणि गाडी कलंडते. म्हणून वळताना बसल्या जागेवरून ढुंगण उचलून अंग आतल्या बाजूला टाकावे लागते. बुलेट चालवणाऱ्याला वाटते मला सगळे येते. त्याला हे येत नसते, कारण मोटारसायकल स्वतः कलते, ही कलत नाही.

टायरचेही तसेच. याच्या फुगऱ्या टायरला हवा लागते चार-पाच पौंड. मोटारसायकलला आपण पंचवीस-तीस भरतो. चौकातल्या पंक्चरवाल्याने सवयीने वीस भरली की गाडी चेंडूसारखी उसळते, आणि डाव्या-उजव्या टायरात पौंडाचा फरक पडला तरी ती एका अंगाला ओढते. नाहूरच्या गावरस्त्यावर सिएटचा जुना टायर कारखाना आहे, तिथे नोकरी केलेली माणसे आपल्या भागात निघतील. त्यांना विचारा, हवेच्या दाबावर ते तासभर बोलतील. कमी दाबाचा वेगळा गेज गाडीबरोबरच घ्यावा, पंक्चरवाल्याचा काटा एवढ्या खाली खरे सांगत नाही.

आता कायदा. या दोन्ही गाड्या रस्त्यासाठी नाहीत. त्यांचे पासिंग होत नाही, नंबर मिळत नाही. पोलारिस कंपनीने ट्रॅक्टर म्हणून नोंदता येणारी क्वाड आपल्याकडे विकलेली आहे, तिचे नाव सांगून कोणी ही गळ्यात मारत असेल तर फसू नका. पासिंग नाही म्हणजे रस्त्यावरचा विमाही नाही. बांधावरून गावठाणापर्यंत दोनशे पावले डांबर लागते, तेवढ्यात कुणाचे म्हातारे माणूस आडवे आले तर भरपाई घरातून. आणि पोरगे अठराच्या आतले असेल तर 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 199अ आले आहे, त्यात पालकाला नि गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार दंड आहे. "आमच्या बारक्याला ट्रॅक्टर येतो" हे तिथे चालत नाही.

आणि बारक्याचेच सांगायचे तर, अमेरिकेत नव्वद सीसीच्या वरची अशी गाडी सोळा वर्षांच्या आतल्या मुलाला देऊ नये असे कंपन्याच सांगतात. तिथे होंडाने 1970 साली तीन चाकांची अशीच गाडी काढली होती. ती इतकी उलटली, इतकी मुले गेली, की 1988 साली सरकारशी करार होऊन नव्या तीनचाकींची विक्री बंद झाली. चार चाके आल्याने सगळे मिटले असेही नाही. ऑस्ट्रेलियात शेतकरी ही गाडी मेंढरे वळायला वापरतो, आणि तिच्याखाली सापडून शेतावर इतकी माणसे मेली की ऑक्टोबर 2021 पासून शेतकामाच्या नव्या क्वाडला मागे चिरडण्यापासून वाचवणारी कमान सक्तीची झाली. काही मोठ्या कंपन्यांनी कमान बसवण्याऐवजी तिथला धंदाच आवरता घेतला. स्पोर्ट जातीच्या गाडीला ती कमान लागू केली नाही, कारण तिच्यावर माणूस उभा राहून अंग टाकत चालवतो. झेड त्या जातीची. ओझार्कला कमान बसवता येते, आपला वेल्डर बसवेलही, पण मापाची आणि भरवशाची असेल तरच बसवावी. ट्रॅक्टरच्या हुडाच्या उरलेल्या पाइपाची नको.

आणखी एक. दोन्ही गाड्या एका माणसाच्या आहेत. लांब सीट दिसते ती अंग पुढे-मागे करण्यासाठी आहे, मेहुण्याला बसवण्यासाठी नाही. मागे माणूस बसला की पुढची चाके हलकी होतात, आणि चढावर गाडी मागे उलटते. आपल्याकडे तिघे बसल्याशिवाय गाडी सुरू होत नाही, म्हणून हे मुद्दाम लिहिले. वाळलेल्या पाचटात ती उभी करून चहाला जाऊ नये हेही सांगतो. तापलेल्या सायलेन्सरला पाचट चिकटले की शेजाऱ्याच्या फडासकट जाते, मग जळका ऊस आधी तोडा म्हणून गट कार्यालयात भांडणे.

भाच्याला मी ओझार्क सांगितली आहे. हेल्मेट, पायात बूट, आणि आमच्या हद्दीबाहेर चाक न्यायचे नाही, या बोलीवर. तो तोंड पाडून आहे.

पण एक गोष्ट एकट्यादुकट्याने जमणारी नाही. गाळप सुरू झाले की फडापासून वजनकाट्यापर्यंतच्या वाटा रात्रंदिवस भरलेल्या असतात. दोन-दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर, पाठोपाठ बैलगाड्या, तोडणीवाल्यांची लेकरे वाटेच्या कडेला झोपलेली. त्या वाटेवर दिवाळीच्या सुटीला आलेल्या पोराने अशी गाडी पळवली तर बैल बुजतात, आणि भरल्या गाडीचा बैल बुजला तर गाडीवान चाकाखाली जातो. म्हणून येत्या वार्षिक सभेत असा ठराव यावा की हंगामभर कारखान्याच्या ऊस वाहतुकीच्या रस्त्यांवर या गाड्या आणू नयेत, आणि आणल्या तर त्या सभासदाला गट कार्यालयाने लेखी समज द्यावी. सूचक म्हणून माझे नाव घालावे. अनुमोदक शेजारच्या गटातला मिळाला तर बरे, म्हणजे हे मामा-भाच्याचे भांडण आहे असे कोणी म्हणणार नाही.