वंध्यत्वालाही सरकारी केसपेपर हवा

जिंतूरच्या आमदार मेघना साकोरे-बोर्डीकर सार्वजनिक आरोग्य राज्यमंत्री झाल्या, पाठोपाठ परभणीचे पालकमंत्रीपदही त्यांच्याकडे आले. मतदारसंघातून येणारी निवेदने रस्ते, पाणी आणि विजेची असतात. मूल होत नाही म्हणून निवेदन घेऊन सहसा कोणी येत नाही. ते दुखणे चारचौघांत बोललेच जात नाही. म्हणूनच ते लोकप्रतिनिधीने मांडायला हवे.

जगात सहापैकी एका व्यक्तीला कधी ना कधी वंध्यत्वाला सामोरे जावे लागते, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितले. तरीही आयुष्मान भारत योजनेतून हे उपचार वगळलेले आहेत. सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या कायद्याने वंध्यत्व उपचार केंद्रांना शिस्त लावली. खर्च मात्र दांपत्याच्याच माथी राहिला. सेलू-गंगाखेडच्या अल्पभूधारकाने त्यासाठी जमीन विकायची काय?

मुंबई महापालिकेच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, तेव्हाच सार्वजनिक रुग्णालयाची क्षमता सिद्ध झाली. गोव्यात वाळपईचे आमदार, आरोग्यमंत्री विश्वजित राणे यांच्या पुढाकाराने गोवा वैद्यकीय महाविद्यालयात मोफत आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार, सुरू झाले.

परभणीतही आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे पती-पत्नी दोघांची तपासणी, समुपदेशन आणि आययूआय (शुक्राणू थेट गर्भाशयात सोडण्याचा उपचार) यांपासून सुरुवात करावी. दोघांची तपासणी झाली, तर दोष बाईवर ढकलण्याची सवयही मोडेल. आयव्हीएफचा खर्च राज्याच्या जनआरोग्य योजनेत घेण्यासाठी पालकमंत्र्यांनी मंत्रिमंडळाकडे आग्रह धरावा. खातेही त्यांचेच आहे आणि जिल्हाही.