विट्याची चढाओढ

मराठीत स्पर्धा भरवली जाते, शर्यत आणि पैज लावली जाते; चढाओढ मात्र लागते. भूक, तहान किंवा आग या नामांपुढे येणारे 'लागणे' हे क्रियापद चढाओढीपुढेही येते, आणि त्यातच या शब्दाचे मर्म आहे. स्पर्धेला आयोजक असतो, तारीख ठरलेली असते, नियम आणि पंच असतात, निकाल लागला की मांडव उतरवला जातो. चढाओढीचा आरंभ कोणी जाहीर करत नाही आणि तिचा शेवटचा दिवस कोणाला सांगता येत नाही. शेजारी राहणाऱ्या दोन घरांत, आळ्यांत, गावांत किंवा पेठांत ती केव्हातरी लागते आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत राहते.

शब्दाची दोन अंगे उघड दिसतात. 'चढ' म्हणजे दुसऱ्यापेक्षा वर जाणे, आणि 'ओढ' म्हणजे हाताशी आलेली गोष्ट आपल्याकडे खेचणे. लिलावात बोली वाढत जाते तेव्हा या दोन्ही क्रिया एकदमच घडतात, म्हणून 'चढाओढीने बोली लागली' हा प्रयोग बाजारपेठेत आजही सहज होतो. या शब्दाच्या आसपास वावरणारे शब्द सारखे वाटले तरी त्यांचे काम वेगळे आहे. 'चुरस' हा शब्द दोन्ही बाजू जवळजवळ समान असल्यामुळे निकालाबद्दल वाटणारा ताण दाखवतो, त्यामुळे मतमोजणीच्या दिवशी तो योग्य ठरतो. 'ईर' हा करणाऱ्याच्या मनातला जोर आहे. माणूस इरेला पेटतो, पण त्यासाठी समोर कोणी असलेच पाहिजे असे नाही. मत्सराला दुसऱ्याचे वाईट झालेले हवे असते. चढाओढीत दुसरा नुसता असून भागत नाही, तो टिकूनही राहावा लागतो. म्हणूनच 'स्वतःशी स्पर्धा' हा प्रयोग हल्ली रुळला असला तरी 'स्वतःशी चढाओढ' असे कोणी म्हणत नाही.

हा अर्थ समजून घेण्यासाठी सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेले विटा हे गाव फार उपयोगी पडते. यंत्रमाग आणि कुक्कुटपालन यांसाठी ते ओळखले जाते. सोन्याचांदीच्या गलाईचा, म्हणजे धातू वितळवून शुद्ध करण्याचा व्यवसाय करणारी या परिसरातील कुटुंबे देशभर पांगली आहेत, त्यामुळे परमुलखातही विट्याचे नाव माहीत असते. या गावात विजयादशमीला दोन पालख्यांची शर्यत होते. एक पालखी मूळस्थानाची असून तिच्यामागे सुळेवाडीचे लोक असतात, आणि दुसरी विटा शहराची. विशेष म्हणजे दोन्ही पालख्या एकाच देवाच्या, श्री रेवणसिद्धाच्या आहेत. वीरशैव परंपरेत हे नाव पंचाचार्यांमध्ये घेतले जाते आणि नाथपरंपरेत रेवणनाथ म्हणून नवनाथांमध्ये. खांदेकरी पालखी खांद्यावर घेऊन गर्दीतून वाट काढत शिलंगणाच्या मैदानाकडे धावतात. शिलंगण म्हणजे सीमोल्लंघन, दसऱ्याला गावाची वेस ओलांडून आपट्याची पाने लुटण्याचा विधी. देव एकच असल्यामुळे कोणतीही पालखी पुढे गेली तरी देव हरला असे म्हणता येत नाही. हारजीत होते ती खांदे देणाऱ्यांची, आणि तीसुद्धा पुढच्या दसऱ्यापर्यंतच टिकते. त्या दिवसापुरती ती शर्यत असते, पण मागच्या दसऱ्यापासून पुढच्या दसऱ्यापर्यंत माणसांच्या बोलण्यात जे चालू राहते त्याला चढाओढच म्हटले पाहिजे.

याच मुलखाच्या कुस्तीच्या बोलीत एक शब्द आहे, ज्याच्याशिवाय चढाओढीची व्याख्या पुरी होत नाही. तालमीत आणि मैदानावर प्रतिस्पर्ध्याला 'जोड' म्हणतात. वस्ताद पैलवानाची जोड ठरवतो, तुल्यबळ जोड लागली की मैदान भरते, आणि विजोड कुस्ती कोणी पाहत बसत नाही. २००७ आणि २००८ अशी लागोपाठ दोन वर्षे महाराष्ट्र केसरी ठरलेले चंद्रहार पाटील हे विट्याजवळच्या भाळवणीचे. अशा पैलवानांच्या गावात प्रतिस्पर्ध्यासाठी जोडीदाराच्या कुळातला शब्द वापरला जावा, यात भाषेचे मोठे शहाणपण आहे. शर्यत आणि चढाओढ यांतला फरक बैलगाडी शर्यतीच्या बाबतीतही दिसतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निर्णयानंतर थांबलेल्या या शर्यती डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त सुरू झाल्या आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. शर्यत कायद्याने थांबवता येते आणि कायद्यानेच सुरू करता येते. दोन गावांमधली चढाओढ कोणत्याच कलमाखाली येत नाही.

आजच्या लिखाणात या शब्दाची फार हेळसांड होते, आणि त्याचे वाईट वाटते. वैद्यकीय प्रवेशासाठी लाखो मुले परीक्षेला बसतात, तेव्हा 'प्रवेशासाठी चढाओढ' असे मथळे छापले जातात. तिथे कोणी कोणाला ओळखत नाही, मागे पडलेल्याला पुन्हा त्याच माणसासमोर उभे राहता येत नाही, आणि पुढे गेलेला मागच्याकडे वळून पाहत नाही. अशा प्रसंगासाठी मराठीत 'झुंबड' आणि 'रेटारेटी' हे दोन चोख शब्द आहेत. ते वापरले तर मुलांवर काय बेतले आहे हे वाचकाला नेमके कळेल. चढाओढ म्हटले की त्या जीवघेण्या गर्दीला खेळीमेळीचा रंग चढतो आणि दुखणे झाकले जाते.

याउलट, जिला सरकारी कागदावर स्पर्धा म्हणतात ती कधीकधी खऱ्या अर्थाने चढाओढ होऊन बसते. केंद्र सरकारच्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या शहरांच्या गटात २०२० साली कऱ्हाड देशात पहिले आले, तर सासवड दुसरे आणि लोणावळा तिसरे. २०२१ साली विटा पहिले आले आणि लोणावळा व सासवड यांनी पुढची दोन स्थाने घेतली. २०२२ मध्ये पहिला मान पाचगणीकडे गेला आणि कऱ्हाड तिसरे राहिले, तर २०२३ मध्ये सासवडने पहिले स्थान मिळवले. सातारा, सांगली आणि पुणे या तीन लगतच्या जिल्ह्यांतील ही गावे एकमेकांना आधीपासून ओळखणारी आणि साधारण सारख्याच ऐपतीची, म्हणजे कुस्तीच्या भाषेत तुल्यबळ जोड. घंटागाडी वेळेवर येणे आणि ओला-सुका कचरा घरातच वेगळा होणे या गोष्टी फलक लावून जेवढ्या होत नाहीत, तेवढ्या शेजारचे शहर पुढे गेल्याच्या बातमीने होतात.

२०२४ च्या सर्वेक्षणात, आधीच्या वर्षांत अव्वल ठरलेल्या शहरांना नेहमीच्या क्रमवारीतून बाजूला काढून 'सुपर स्वच्छ लीग' नावाचा स्वतंत्र गट करण्यात आला. पाचगणी त्यात वीस हजारांपेक्षा कमी लोकसंख्येच्या शहरांमध्ये आहे, आणि वीस ते पन्नास हजारांच्या गटात विटा आणि सासवड पुन्हा एकमेकांच्या शेजारी आहेत.