गाठ काढली, पण रेडिएशनचे काय?

भगिनींनो, स्तनातली गाठ कॅन्सरची निघाली की घरात पहिले वाक्य ऐकू येते, "सगळेच काढून टाका, कटकट नको." बोलणारे नवरा, दीर नाहीतर सासू. जिच्या अंगावर शस्त्रक्रिया व्हायची, तिला कोणी विचारत नाही. आधी वॉर्डात परिचारिका म्हणून आणि आता वस्तीत काम करताना आम्ही हे वाक्य इतक्यांदा ऐकले आहे, की त्याला उत्तर देणे भाग आहे.

सगळे काढले की जीव जास्त वाचतो, ही समजूत चुकीची आहे. कॅन्सर सुरुवातीचा असेल तर बहुतेकींना फक्त गाठ आणि तिच्याभोवतीचा थोडा भाग काढून उरलेल्या स्तनाला रेडिएशन, म्हणजे लोक ज्याला 'शेक' म्हणतात ते, देता येते. इटलीत डॉ. व्हेरोनेसी आणि अमेरिकेत डॉ. फिशर यांनी १९७० च्या दशकात दोन्ही पद्धतींची तुलना सुरू केली. वीस वर्षांचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. जगण्याच्या प्रमाणात फरक नव्हता.

फिशर यांच्या अभ्यासाने आणखी एक गोष्ट दाखवली. गाठ काढून रेडिएशन घेतलेल्या सुमारे १४ टक्के स्त्रियांच्या त्याच स्तनात कॅन्सर परतला; न घेतलेल्यांत हे प्रमाण सुमारे ३९ टक्के होते. म्हणून टाके सुकले म्हणजे उपचार संपला, असे समजू नका. शस्त्रक्रिया आणि रेडिएशन मिळून हा एकच उपचार आहे.

आपल्या बाया नेमक्या इथेच अडतात. रेडिएशनचे मशीन तालुक्याला नसते, कित्येकदा जिल्ह्यालाही नसते. आठवड्याचे पाच दिवस जायचे तर मजुरी बुडते, एसटीचे भाडे लागते, मुले कोणाकडे ठेवायची हा प्रश्न असतो. मग कोणी नाइलाजाने स्तन काढून घेते, तर कोणी गाठ काढून घरी जाते ती परत येतच नाही. आमचे म्हणणे सरळ आहे. स्तन ठेवायचा की काढायचा, हे आजार पाहून त्या बाईने डॉक्टरांशी बोलून ठरवावे. एसटीच्या भाड्याने ते ठरू नये.

अर्थात गरोदरपण, छातीला आधी झालेले रेडिएशन, स्तनात अनेक ठिकाणी गाठी अशा वेळी स्तन ठेवणे अवघड असते. वयस्कर स्त्रियांपैकी काहींना रेडिएशन टाळताही येते. पण स्तन काढला तरी, काखेत आजार पोचला असेल तर रेडिएशन लागू शकते. तेव्हा काढल्याने कटकट सुटतेच असे नाही.

डॉक्टरांना विचारा, "मला कमी दिवसांत रेडिएशन चालेल का?" पूर्वी पाच आठवडे लागत, आता पुष्कळ जणींना तीन आठवड्यांत १५ वेळा पुरते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत रेडिएशन बसते. रेशनकार्ड, आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. मुंबईत टाटा रुग्णालयात उपचार असतील तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहण्याची चौकशी करा. या रेडिएशनने डोक्याचे केस जात नाहीत. कातडी काळवंडते, थकवा येतो. मशीनवरून घरी आलेली आई लेकराला खुशाल जवळ घेऊ शकते.

प्रत्येक जिल्ह्यात मशीन आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई शासनाकडे मागितलीच पाहिजे. तोवर विहारातल्या महिला मंडळांनी तीन आठवड्यांची पाळी लावावी. एकीने सोबत जावे, दुसरीने मुलांचे जेवण पाहावे. एकही भगिनी अर्ध्या उपचारावर घरी बसता कामा नये.

जयभीम.