गणित सोडायचे की ठेवायचे?

गेल्या मे महिन्यातल्या एका दुपारी माझी पुतणी ओटीवर येऊन बसली आणि म्हणाली, "काका, मी गणित सोडते."

अकरावी शास्त्राचा निकाल नुकताच लागला होता. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि गणित असे चारही विषय तिने घेतले होते. तिघांत बरी होती, गणितात काठावर. बारावीला गणित काढून टाकायचे आणि ‘नीट’चा अभ्यास नीट करायचा (हा विनोद तिचाच), असा तिचा बेत. क्लासच्या सरांनी तसेच सांगितले होते. मैत्रिणींपैकी दोघींनी सोडलेही होते. माझा धाकटा भाऊ म्हणजे तिचा बाप ट्रेलर चालवतो. तो म्हणाला, "तुला झेपंल ते कर." माझ्या आईचे उभे आयुष्य टोपली डोक्यावर घेऊन मासळी विकण्यात गेले. ती आतून ओरडली, "गनित सोरलास त म्हावऱ्याचं पैसं कोन मोजंल गो?"

सगळे हसले आणि विषय तिथेच राहिला. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. त्याचे कारण सांगायचे तर थोडे मागे जावे लागेल.

न्हावा शेवा हे नाव जगभरच्या जहाजांच्या कागदांवर असते. प्रत्यक्षात ही दोन वेगळी गावे. न्हावा पनवेल तालुक्यात, शेवा उरण तालुक्यात. भातशेती, मिठागरे आणि खाडीतली मासेमारी यांवर जगणारी. १९८४ च्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखेला, जमिनीच्या हक्कासाठी उरणच्या शेतकऱ्यांनी आंदोलन केले, गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मे झाले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित जमीन देण्याचे तत्त्व आले. मी त्या वर्षी दहावीला होतो. दोन महिन्यांवर परीक्षा आणि घरात रोज मोर्चाच्या गोष्टी. गणितात जेमतेम पास झालो. एका गुरुजींनी पाठीवर हात ठेवून सांगितले, "तुला हे जमायचं नाही बाळा, आर्ट्सला जा." त्यांचा हेतू वाईट नव्हता. मलाही हायसे वाटले. मी गणित सोडले आणि पुस्तके त्याच आठवड्यात एका मुलाला देऊन टाकली.

पाच वर्षांनी, १९८९ साली, बंदर सुरू झाले. आयटीआय किंवा डिप्लोमा केलेली माझ्या बरोबरीची पोरे वर्कशॉपला गेली, कोणी क्रेनवर चढली. मी पुढे एका कंटेनर यार्डात टॅली क्लार्क म्हणून चिकटलो. गणित सोडलेल्या माणसाने आयुष्यभर पेट्या मोजल्या! नोकरीबद्दल माझी तक्रार नाही, तिच्यावर घर उभे राहिले. पण बढतीच्या प्रत्येक पायरीवर कोणी तरी विचारायचे, "बारावीला मॅथ्स होतं का?" आणि माझे उत्तर ठरलेले असायचे.

आता जरा कोरडी माहिती देतो, कारण घराघरांत हा निर्णय तिच्यावाचून होतो. ‘नीट’च्या १८० प्रश्नांत गणिताचा एकही नाही. ९० जीवशास्त्राचे, ४५ भौतिकचे, ४५ रसायनचे. एमबीबीएस, बीडीएस, नर्सिंग यांना बारावीचे गणित लागत नाही. बी. फार्मसीला गणित किंवा जीवशास्त्र, दोन्हींपैकी एक चालते. इथवर क्लासचे सर बरोबर. आता दुसरी बाजू. आपल्या राज्याच्या सीईटीत अभियांत्रिकीच्या गटाचे २०० गुण, त्यांतले १०० एकट्या गणिताचे. आर्किटेक्चरला गणित हवे. एनडीएतून नौदलात किंवा हवाई दलात जायचे तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवे, आणि २०२१ पासून ती परीक्षा मुलींनाही खुली आहे. मर्चंट नेव्हीत अधिकारी व्हायचे, तर भौतिक, रसायन आणि गणित या तिन्हींत मिळून सरासरी ६० टक्के आणि इंग्रजीत ५० टक्के.

ही शेवटची अट मी मुद्दाम ठळक सांगतो. आमच्या गच्चीवरून बंदराच्या क्रेन दिसतात. २०२४-२५ या एका वर्षात वीस फुटी पेट्यांच्या हिशेबाने ७० लाखांहून अधिक कंटेनर या बंदरातून गेले. त्या जहाजांवर नोकरी मिळवायची तर शिक्षणही दूर नाही, ‘चाणक्य’ ही प्रशिक्षण संस्था नेरूळला, खाडीपलीकडे. तरीही आमच्या आळीतून जहाजावर अधिकारी म्हणून गेलेली मुलगी मला माहीत नाही. जहाज दारात आणि दाराला कडी, आणि ती कडी पुष्कळदा सोळाव्या वर्षी आपणच आतून लावलेली असते.

तर, त्या झोप न लागलेल्या रात्रीनंतर मी पुतणीला एक काम दिले. कंटेनरवर चार अक्षरे आणि सात आकडे असतात. शेवटचा आकडा वेगळ्या चौकटीत. तीस वर्षे मी तो लिहून घेतला, तो तिथे का असतो हे कधी विचारले नाही. तिने शोधून काढले. प्रत्येक अक्षराला एक किंमत ठरलेली असते, ए म्हणजे १०, मग बी म्हणजे १२, कारण ११ आणि त्याच्या पटीतले २२, ३३ वगळायचे. पहिल्या जागेला १ ने गुणायचे, दुसरीला २ ने, मग ४, ८, १६ असे दुप्पट करत दहाव्या जागेला ५१२ ने. सगळी बेरीज करून ११ ने भागायची. उरेल ती बाकी म्हणजे तो चौकटीतला आकडा, आणि बाकी १० उरली तर शून्य. क्लार्कने एखादा आकडा चुकीचा लिहिला की बाकी जुळत नाही आणि चूक पकडली जाते. म्हणजे इतकी वर्षे ती चौकट माझ्यावर लक्ष ठेवून होती! पुतणीने माझ्या जुन्या वहीतले आठ नंबर तपासले. एक चुकीचा निघाला. तो १९९७ चा होता, असो.

वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये. प्रत्येकाने गणित ठेवलेच पाहिजे, असे माझे म्हणणे नाही. शेजारचा एक मुलगा बापाच्या हट्टापायी चार विषय घेऊन बसला. साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटचे पैसे आले होते, त्यांतले बरेचसे वाशीच्या क्लासला गेले. मुलगा दोन्हीकडून राहिला. आज तो मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवतो आणि सुखी आहे, पण ते पैसे परत येणार नाहीत आणि जमीन तर नाहीच नाही. आमच्याकडे हा प्रश्न म्हणूनच पुण्या-मुंबईच्या घरांपेक्षा निराळा आहे. तिथे चुकले तर बापाची नोकरी, आजोबांचे घर असते. इथे एक पिढी जमिनीवर जगली, दुसरी बंदराच्या नोकरीवर, तिसरीच्या हातात गुणपत्रिकेखेरीज काही नाही.

माझा आक्षेप सोडण्याच्या कारणाला आहे. "मला पुढे अमुक शिकायचे आहे, त्यात गणित लागत नाही," हे कारण झाले. "मला गणित येत नाही," हे बहुतेक वेळा कारण नसून एका परीक्षेचा निकाल असतो. त्यातही मुलगी असली की घरचे लवकर पटवून घेतात. मुलगा गणितात नापास झाला की शिकवणी लावतात, मुलगी नापास झाली की विषय बदलतात. हे मी आमच्याच घरात पाहिले आहे आणि गप्प बसलो आहे.

सोडलेला विषय परत धरता येतो, हे खरे. बारावीनंतर एखादा विषय वेगळा घेऊन बोर्डाची परीक्षा देण्याची सोय आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात राष्ट्रीय वैद्यक आयोगाने तर बारावीनंतर जीवशास्त्र जादा विषय म्हणून घेतलेल्यांनाही ‘नीट’ची वाट मोकळी केली. २०२०चे नवे शैक्षणिक धोरण विषयांच्या भिंती पाडण्याची भाषा बोलते. पण वाट कागदावर असणे निराळे आणि एकोणिसाव्या वर्षी, बरोबरीचे कॉलेजात गेलेले असताना, एकट्याने घरी बसून कलन शिकणे निराळे. आणि गणिताला सुट्टी दिलेल्या मुलांना भौतिकशास्त्रात तेच कलन मागल्या दाराने भेटतेच!

या सगळ्या चर्चेत एक गोष्ट मला फार उशिरा कळली. तिची अकरावीची गुणपत्रिका हातात घेतली तेव्हा त्यात मराठी नव्हते. त्या जागी ‘आयटी’ होते. दुसऱ्या भाषेऐवजी तो विषय घेता येतो, त्यात गुण भरपूर पडतात, म्हणून प्रवेशाच्या वेळी खिडकीवरच तसे भरले गेले. गणितावरून आम्ही तीन आठवडे भांडलो आणि मराठी सुटले ते कोणाच्या लक्षातही आले नाही. मी तिला विचारले तेव्हा ती म्हणाली, "काका, ते तर सगळेच सोडतात." यावर मला उत्तर सुचले नाही. मराठीच्या तासाला मी जे काही शिकलो त्याच्या जोरावर हा लेख लिहितो आहे, एवढेच मनात आले. ते तिला बोललो नाही.

जूनमध्ये तिने एका कागदावर दोन रकाने केले, गणित सोडले तर काय बंद होते आणि ठेवले तर काय अवघड होते. पहिला रकाना लांब झाला. मग ती क्लासच्या सरांकडे गेली आणि बारावीलाही चारही विषय ठेवते म्हणाली. सीईटीचे दोन्ही गट देणार आहे. भाऊ म्हणाला, "झेपंल का?" ती म्हणाली, "बघू."

पहिल्या घटक चाचणीत तिला गणितात २५ पैकी १३ पडले. हे थोडे की पुरेसे, यावर घरात अजून एकमत झालेले नाही.