हवा मारून धूळ जात नाही

जालन्याला धूळ नवी नाही. सळयांच्या कारखान्यांनी शहराला रोजगार दिला, तशी भट्ट्यांची धूळही दिली. पण विमानउद्योगातली एक काळी धूळ फुप्फुसाबरोबर विजेच्या पॅनेललाही धोकादायक असते. ती म्हणजे कार्बन फायबरची धूळ.

हा विषय वाटतो तितका दूरचा नाही. बोइंग ७८७ विमानाच्या वजनाचा सुमारे निम्मा भाग कंपोझिटचा आहे आणि त्याच्या फ्लोअर बीम नागपूरच्या मिहानमध्ये तयार झाल्या. समृद्धी महामार्गाने नागपूर जवळ आले आहे. आपल्याकडची आयटीआय झालेली मुले उद्या अशा कामावर जातील.

कार्बनचा धागा ५ ते ७ मायक्रॉन जाडीचा, म्हणजे केसाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतका. तो वीज वाहतो. त्याला धरून ठेवणारे रेझिन वाहत नाही. कापताना, भोके पाडताना, घासताना धाग्याचे तुकडे मोकळे होतात, हवेत तरंगतात आणि पंख्याच्या हवेबरोबर पॅनेलमध्ये शिरतात. दोन टर्मिनलांमध्ये ते अडकले की शॉर्टसर्किट झालेच. १९९९ मध्ये नाटोने ग्रॅफाइटचे बारीक धागे टाकूनच सर्बियाची वीज घालवली होती.

म्हणून विमानप्रवासाची धास्ती घेऊ नये. अपघातात जळालेल्या विमानातून उडणाऱ्या धाग्यांपासून जनतेला असलेला धोका अगदी कमी, असा निष्कर्ष नासाने १९८० मध्येच काढला. प्रश्न आहे तो रोज मशीनपाशी उभ्या राहणाऱ्या कामगाराचा. धाग्याचे तुकडे त्वचेला खाज आणतात, डोळे व घसा चुरचुरतात. घासकामाची अतिबारीक धूळ फुप्फुसात खोलवर जाते.

पाळी संपताना कॉम्प्रेसरची हवा मारून मशीन आणि अंगावरचे कपडे झटकायची सवय अनेक कारखान्यांत आहे. त्याने धूळ जात नाही, फक्त जागा बदलते: थोडी पॅनेलमध्ये, थोडी छातीत. उपाय माहीत आहेत. धूळ उठते तिथेच ती ओढून घेणारी यंत्रणा, बारीक फिल्टरचा व्हॅक्यूम, घट्ट बंद पॅनेल, योग्य मास्क. धूळ उगमाजवळच ओढून घ्यावी, हे १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम १४ नेही सांगितले होते.

लोखंडाची धूळही वीज वाहतेच. त्यामुळे हा धडा विमानाच्या कारखान्याची वाट न पाहता जालन्याच्या एमआयडीसीतच गिरवायला हवा. मशीन बंद पडले की मालकाला लगेच कळते. कामगाराची छाती मात्र वर्षानुवर्षे कुरकुरत राहते. दोघांना वाचवणारा खर्च एकच आहे.