सरकारी कागदाचा धनी कोण?

दिवाळीच्या चकल्या कढईत पडत असताना कायद्याची कलमे उगाळीत बसणारा मास्तर कोणाही गृहिणीला अपशकुनी वाटेल, हे मी जाणतो. परंतु ज्या तेलात त्या चकल्या तळल्या जात आहेत त्या तेलाशीच माझ्या तक्रारीचा संबंध आहे. म्हणून वाचकांनी दोन घटका कळ काढावी.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने लाकडी घाणा घालायचे मनावर घेतले. तेल शेंगदाण्याचे. बँकेने कर्जासाठी प्रकल्प-अहवाल मागितला. तो त्याने शहरातल्या एका सल्लागाराकडून रोख पैसे मोजून आणला. अहवाल मोठा देखणा होता. तालुक्यात भुईमुगाखाली किती हेक्टर जमीन आहे याचे सुबक कोष्टकही त्यात होते. कर्ज मिळाले, घाणा बसला, नारळ फुटला. आणि मग शेंगा शोधायला निघालेल्या पोराला शिवारात जिकडेतिकडे सोयाबीन दिसले! "गुरुजी, मग हे हेक्टर गेले कुठे?" असे विचारीत तो माझ्या दारात उभा राहिला. मी शाळेच्या कपाटातून सरकारच्या 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचना'चे जुने अंक काढले. तेच कोष्टक, तेच आकडे. पण पुस्तक कितीतरी वर्षांपूर्वीचे. त्यात कोष्टकाच्या डोक्यावर साल होते आणि पायाशी आकडे कोठून घेतले याची टीप होती. सल्लागाराने डोके उडवले होते, पाय कापले होते आणि उरलेले धड माझ्या विद्यार्थ्याला विकले होते.

असे त्याने का करावे? आळसाने म्हणा, लबाडीने म्हणा. पण त्या लबाडीला आपल्या कायद्यानेच आडोसा दिला आहे, असे माझे म्हणणे आहे.

आपला कॉपीराइटचा कायदा १९५७ चा. सरकारने तयार केलेल्या ग्रंथाचा, दुसरा काही करार नसेल तर, पहिला धनी सरकारच. आणि ते धनीपण प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षे टिकते. स्वतःच्या अभ्यासापुरते टिपून घ्यायला कायदा आडवा येत नाही. नुसत्या आकड्यावरही कोणाची मालकी नसते. परंतु आकड्यांची मांडणी, त्यांवरचे विवेचन जसेच्या तसे छापून चार लोकांत वाटायचे म्हटले की परवान्याची भाषा सुरू होते. परिणाम काय होतो? जो प्रामाणिकपणे ग्रंथाचे नाव आणि साल लिहितो, तो आपल्याच हाताने पुरावा लिहून देतो. जो नाव पुसतो, तो नामानिराळा राहतो. चोराला हा कायदा अडवीत नाही. तो चोराला खुणा मोडायला शिकवतो, आणि खुणा मोडल्या की आकडा खरा की शिळा हे ओळखण्याची वाटच बंद होते.

कायद्यात सवलती आहेत. नाहीत असे नाही. पण त्याही पाहण्यासारख्या आहेत. विधिमंडळाने केलेला कायदा तुम्हाला छापता येतो, मात्र सोबत भाष्य किंवा दुसरा काही स्वतंत्र मजकूर जोडला पाहिजे! कायदा ठाऊक नव्हता ही सबब न्यायालयात चालत नाही. मग तो उघडावाघडा छापून गावात वाटायला मज्जाव का? सरकारी समितीचा अहवाल सभागृहापुढे ठेवला असेल आणि सरकारने मनाई केली नसेल, तर छापा. कपाटात पडून असेल, तर ही सवलत नाही. म्हणजे ज्या अहवालाला उजेडाची गरज अधिक, त्यालाच कुलूप. इकडे २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्यात नववे कलम सांगते की कॉपीराइटच्या कारणाने माहिती नाकारायची तर तो हक्क सरकारखेरीज दुसऱ्या कोणाचा असला पाहिजे. मागायला मोकळीक आहे. मागून आणलेले शेजाऱ्यासाठी छापायला नाही!

ही मालकी आली कोठून? राणी-राजाच्या मुकुटाकडून. इंग्लंडचा १९११ चा कायदा इकडेही लागू झाला, त्यातला राजाचा हक्क आपण स्वराज्यातही जपून ठेवला. खुद्द इंग्रजांनी २०१० साली खुला परवाना काढून आपल्या सरकारी माहितीची बरीचशी दारे उघडली. अमेरिकेच्या कायद्यात तर तिथल्या मध्यवर्ती सरकारच्या लेखनाला कॉपीराइटच नाही. आणि २०२० साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जॉर्जिया राज्याला बजावले की कायद्याच्या अधिकृत प्रतीतल्या टिपांवरही राज्याला मालकी सांगता येणार नाही. निकाल पाच विरुद्ध चार मतांचा होता, हे खरे; पण निकाल तो निकाल. आपल्याकडेही २०१७ साली खुल्या सरकारी आकडेवारीसाठी परवाना निघाला. चांगले झाले. पण जेवढी आकडेवारी त्या धोरणाखाली खुली केली जाते तेवढ्यापुरताच तो आहे. ओसरीवर दिवा लागला, माजघर अंधारात.

"तुम्ही कादंबऱ्या लिहिता, कॉपीराइटवर पोट भरता, आणि असे बोलता?" असे एका स्नेह्याने मला विचारले. अहो, म्हणूनच बोलतो! माझ्या कादंबरीचे एक प्रकरण कोणी न विचारता छापले तर मी कडाडून भांडेन. ती मी शाळा सुटल्यावर, माझ्या रॉकेलवर नव्हे पण माझ्या विजेवर, रात्री जागून लिहिली; तिच्यासाठी मला कोणी पगार दिला नव्हता. समालोचनातला आकडा ज्याने बांधावर उभे राहून नोंदवला त्याला पगार मिळाला होता, आणि तो तुमच्या-माझ्या करातून. एकदा मोल दिलेल्या वस्तूला दुसऱ्यांदा परवानगी कसली?

त्या घाण्याच्या प्रकरणानंतर धंद्यात पडू पाहणाऱ्या मुलांसाठी मी एक पुस्तिका जुळवली: कोणता आकडा कोणत्या सरकारी ग्रंथात सापडतो, साल कसे पाहावे, नमुन्याची पंधरा कोष्टके. परवानगीसाठी एका कचेरीला पत्र धाडले. मग स्मरणपत्र. मग दुसरे स्मरणपत्र. उत्तर नाही. विद्यार्थ्याने मात्र परवाच तेलाची बाटली आणून दिली. शेंगा गुजरातेतून आणाव्या लागल्या, म्हणाला, हप्ता कसाबसा निघतो.

पुस्तिकेची मुद्रिते मी काल छापखान्यात परत केली. प्रत्येक कोष्टकाखाली ग्रंथाचे नाव, साल आणि पान ठळक टाइपात घालायला सांगितले आहे. कोणाला नोटीस बजावायची असेल तर शाळा सकाळी साडेदहाला भरते. मधल्या सुट्टीत मी मोकळा असतो.