सात्या वाळवा, पण डोळे उघडे ठेवून

आषाढ-श्रावणात भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडच्या रस्त्याने जा. पळसाच्या पानावर सात्यांचे वाटे मांडून बसलेल्या बाया दिसतील. दिवस उजाडायच्या आत जंगलात शिरून, वारुळे धुंडाळून त्यांनी त्या वेचलेल्या असतात. सकाळी भाव ताठ असतो. दुपारी छत्र्या उमलून मऊ पडू लागल्या की तोच वाटा निम्म्यावर येतो. संध्याकाळी गाडी थांबवणारा म्हणेल ती किंमत.

आम्ही या भागात महिला बचत गटांसोबत काम करतो. हे दृश्य दर पावसाळ्यात बघतो आणि दर वेळी एकच प्रश्न पडतो. माल आमच्या बाईचा, मेहनत तिची, जंगलाची ओळख तिची. मग भाव दुसरा का ठरवतो? उत्तर साधे आहे. सात्या थांबत नाहीत. ज्याला माल टिकवता येत नाही, त्याला भाव टिकवता येत नाही.

म्हणून आमचे म्हणणे आहे की सात्या वाळवून ठेवायला शिका. हा स्वयंपाकघरातला किरकोळ विषय वाटेल. तो तसा नाही.

मुळात अळंबीचा आणि जातीचा संबंध जुना आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्विजांसाठी अभक्ष्य ठरवलेल्या पदार्थांत लसूण-कांद्याच्या रांगेत अळंबीही बसवली आहे. जाणूनबुजून खाणारा द्विज पतित होतो, असेही त्याच अध्यायात सांगितले आहे. म्हणजे जे जंगलात फुकट उगवते, गरिबाचे पोट भरते, ते अपवित्र! २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली जो ग्रंथ जाळला गेला, त्याने माणसांचीच नव्हे, ताटांचीही उतरंड लावली होती. आज त्याच उतरंडीवर वर बसलेले लोक हॉटेलात मशरूम मसाला मागवतात. आमची पोरे मात्र कॉलेजच्या डब्यात सात्यांची भाजी न्यायला लाजतात.

ही लाज आणखी एका ठिकाणाहून येते. वाळवून टिकवणे ही आमच्या घरांची जुनी विद्या. मांसाच्या चान्या दोरीवर वाळत असत, ते आमच्या आज्यांनी पाहिले आहे. मार्च १९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस सोडायला सांगितले आणि समाजाने ते सोडले. योग्यच केले. पण त्याबरोबर वाळवणाची दोरीही काहींना मागासलेपणाची खूण वाटू लागली. बाबासाहेबांनी लाचारी सोडायला सांगितली होती, कौशल्य सोडायला नाही.

आता कृतीकडे येऊ. ताज्या अळंबीत दहातले नऊ भाग पाणी असते. म्हणून दहा किलोचे वाळून साधारण किलोभर उरते. वाळवण्यासाठी घट्ट, न उमललेल्या किंवा नुकत्या उमललेल्या सात्या घ्या. किडलेल्या, चिकट झालेल्या बाजूला काढा. वारुळाची माती लागलेला देठाचा लांब शेंडा कापून टाका. बाकीची माती कोरड्या कापडाने पुसा. धुतल्या तर पाणी पितात आणि वाळायला दुप्पट वेळ लागतो. मोठ्या छत्र्या उभ्या चिरा, काप सारख्या जाडीचे ठेवा.

अडचण ही की सात्या येतात तेव्हाच ऊन नसते. उघडीप मिळाली तर जाळीवर किंवा सुपात एकाच थरात, वर पातळ कापड टाकून वाळवा. झड लागली असेल तर सुईने दोऱ्यात ओवून चुलीच्या वर, आच लागणार नाही इतक्या उंचीवर टांगा. चटका बसला तर बाहेरून कडक आणि आतून ओली राहते, तीच पुढे बुरसते. काप वाकला तर तो ओला आहे. कट्कन मोडला तर झाला. थंड झाल्यावर कोरड्या काचेच्या बरणीत घट्ट झाकणात भरा. पहिला आठवडा रोज बघा. काचेला आतून दव दिसले तर काढून पुन्हा वाळवा. बुरशी दिसली तर सगळी बरणी फेका, मोह धरू नका. रांधताना कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा.

एक इशारा. ताजी अळंबी नुसत्या तेलात बुडवून बरणीत बाहेर ठेवू नका. हवा नसलेल्या, आंबटपणा कमी असलेल्या जागी बॉटुलिझमचे जंतू वाढतात आणि वासावरून ते कळतही नाही.

सगळ्यात मोठा इशारा मात्र वेगळा आहे. वाळवल्याने विष जात नाही. शिजवल्यानेही जात नाही. अमानिटा जातीच्या काही अळंबीचे विष उकळत्या पाण्यातही टिकते. उलटी-जुलाब सहा ते बारा तासांनी, कधी त्याहून उशिरा सुरू होतात. मग बरे वाटल्यासारखे होते आणि यकृत निकामी व्हायला लागते. एप्रिल २०२२ मध्ये वरच्या आसामात रानटी अळंबी खाऊन १३ माणसे गेली. त्यातले बहुतेक चहामळ्यांतले मजूर आणि त्यांच्या घरचे होते. विषालाही गरिबाचेच घर सापडते, कारण गरिबालाच रानावर पोट भरावे लागते.

आणि आपल्याकडे काय चालते? चांदीचे नाणे काळे पडले नाही म्हणजे चांगली. लसूण टाकली, रंग बदलला नाही म्हणजे चांगली. किड्याने खाल्ली म्हणजे माणसालाही चालते. या सगळ्या खोट्या कसोट्या आहेत. कालाम सुत्तात बुद्ध केसपुत्ताच्या लोकांना सांगतात की परंपरेने आले, कोणी मोठ्याने सांगितले, एवढ्यावर मान्य करू नका, तपासा. जी माणसे बाबा-बुवांविरुद्ध भाषणे देतात, त्यांनी नाण्यावर विश्वास ठेवून पोराला ताट वाढू नये.

मग विश्वास कशावर ठेवायचा? वस्तीतल्या एका आजीने आम्हाला जंगलात एकच नियम सांगितला होता: "वळख नाही त हात लावू नोको, बापू." ती वारूळ बघते, देठ उकरून मुळापर्यंत बघते, वास घेते, आणि शंका आली की टोपलीत टाकत नाही. पन्नास वर्षांच्या निरीक्षणातून आलेले हे ज्ञान आहे. ते तिच्यासोबत जाऊ द्यायचे नसेल तर मोबाइल खिशात न ठेवता बाहेर काढा. जागा, महिना, वारूळ, देठ, छत्रीची खालची बाजू यांचे फोटो आणि तिचे शब्द नोंदवा. कृषी विज्ञान केंद्रातल्या जाणकाराला दाखवा. ओळख पटली नाही ती अळंबी बरणीत नाही आणि बाजारात तर नाहीच नाही. कोणाला त्रास झालाच तर दवाखाना गाठा, आणि उरलेली अळंबी सोबत न्या.

काही मित्र म्हणतील, बाबासाहेबांनी शिकून पुढे जायला सांगितले आणि तुम्ही आम्हाला जंगलात परत पाठवता? नाही. जी बाई आजही जंगलात जाते, तिला संध्याकाळी हात जोडावे लागू नयेत एवढेच म्हणतो. श्रावणात वाळवलेला माल धम्मचक्र प्रवर्तन दिनापर्यंत सहज टिकतो. दीक्षाभूमीवर लाखो बांधव येतात. तिथे पुस्तकांच्या शेजारी आमच्या बचत गटांची, अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी केलेली, तारीख आणि जागा लिहिलेली पाकिटे का असू नयेत? भाव पाकिटावर छापलेला असेल. तो आम्ही छापलेला असेल.

शेवटी चुंदाची आठवण. पावा गावच्या या लोहाराने बुद्धांना वाढलेल्या शेवटच्या जेवणात सूकरमद्दव होते. ते डुकराचे मऊ मांस की अळंबी, यावर पाली अट्ठकथांतच मतभेद आहेत. त्यात आम्ही पडत नाही. पण चुंदाच्या मनाला टोचणी लागू नये म्हणून बुद्धांनी आनंदाला मुद्दाम सांगून ठेवले, हे निर्विवाद आहे. प्रेमाने वाढणाऱ्या कष्टकऱ्याला त्यांनी दोषी ठरवले नाही. आपणही ठरवू नये. मात्र त्याच्या हातात ज्ञान देण्याची जबाबदारी आपली आहे. येत्या पावसाळ्यात आपापल्या वस्तीत एक सूप, एक दोरा आणि एक वही घेऊन बसा.

जय भीम!